सकाळच्या शुगरसाठी दंडावरचा सेन्सर : दोनदा लावून बघितला, खरं काय ते सांगते

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. नाशिकच्या इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते, वय ५३, शुगर निघून सात वर्षं झाली. हे लिहायचं कारण एवढंच की दंडाला ते शुगर मोजणारं पांढरं बटण, म्हणजे सेन्सर, चिकटवलेलं असताना बिल्डिंगमधल्या, शाळेतल्या आणि माहेरच्या मिळून निदान दहा जणींनी विचारलं असेल की अगं हे काय, दुखतं का, केवढ्याला पडलं, आम्ही घेऊ का. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण काही गोष्टी आवडल्या, काहींनी डोकं फिरवलं, आणि असे दोन-तीन प्रकार मिळतात बाजारात, तत्त्व सगळ्यांचं सारखंच.

तर माझी तक्रार होती सकाळची. रात्री झोपताना बोट टोचून बघायच्या मशीनवर १३५-१४० आणि सकाळी उठून बघावं तर १६५, १७२, एकदा तर १८८. डॉक्टरांनी उपाशीपोटीचं टार्गेट दिलेलं ८० ते १३०. आता मधल्या सहा तासात मी केलं काय, तर झोपले. पण हे घरी कुणाला पटवणार? सकाळी मशीनचा आकडा आला की अहोंचा पहिला प्रश्न, "रात्री काय खाल्लं होतंस?" सासूबाई काही बोलत नाहीत, पण लाडवाच्या डब्याकडे एक नजर टाकतात. अहो मी खाल्ला नाही लाडू! चोरी न करता चोरासारखं वागायची वेळ म्हणजे काय ते डायबेटिसवाल्यांनाच कळेल.

मग मी रात्रीचं जेवण कापत गेले. दोन पोळ्यांची एक, एकीची अर्धी भाकरी, मग नुसतं दुधीचं सूप, मग तेही नको. सकाळी १७०. मेथीचं पाणी झालं, कारल्याचा रस झाला, नणंदेने जांभळाच्या बियांची पावडर पाठवली तीही झाली, आकडा काही हलेना. वरून रात्री उपाशी झोपून पहाटे अशी खवळलेली भूक लागायची की डबे भरताभरता हात चुकून कशातही जायचा. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांनी तर ठामपणे सांगितलं की मॅडम तुमची शुगर रात्री डाऊन होतेय आणि मग शरीर घाबरून सकाळी उसळी मारतंय, झोपताना ग्लासभर दूध आणि चार मारी बिस्किटं घेत जा. मी महिनाभर घेतली. सकाळी १८० च्या पुढे! सरांचं चुकलं असं मी तेव्हा म्हणू शकत नव्हते कारण रात्री दोन-तीन वाजता उठून बोट टोचून बघायचं धाडस मी कधी केलं नव्हतं. खरंतर तेवढं जरी केलं असतं चार रात्री तरी अर्धं उत्तर पंचवीस रुपयांच्या पट्टीत मिळालं असतं. पण डिसेंबरात नाशिकची थंडी, पांघरुणातून हात बाहेर काढायचा, गारठलेल्या बोटातून रक्ताचा थेंब यायलाच पाच मिनिटं, कोण करणार.

मुलगा पुण्याला असतो. तो दिवाळीत आला होता तेव्हा म्हणाला आई त्यापेक्षा सेन्सर लाव, चौदा दिवस रात्रंदिवस शुगर मोजतो, कळेल तरी. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले लावा, मलाही बघायचंय. कॉलेज रोडच्या एका मेडिकलवर मिळाला, पाच हजाराला थोडे कमी. एका सेन्सरला, चौदा दिवसांना. बिल बघून अहो गप्प झाले, मी पण.

आता घेण्याआधी कुणी सांगत नाही ती गोष्ट. माझा होता तो फोन सेन्सरच्या जवळ नेऊन स्कॅन करायचा प्रकार, त्यासाठी फोनमध्ये एनएफसी (नुसतं जवळ नेऊन वाचायची सोय) लागतं. माझ्या फोनमध्ये नव्हतं! मेडिकलवाल्या मुलाने बिल केल्यावर सांगितलं. सुदैवाने अहोंच्या फोनमध्ये निघालं, म्हणजे झालं काय की माझी शुगर पुढचे चौदा दिवस त्यांच्या खिशात. मी चहा घेतला की हे फोन घेऊन दंडाला लावायला हजर, जसं काही रेशनच्या दुकानात अंगठा घेतायत. त्यात हे सकाळी फोन घेऊन गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फिरायला जाणार, म्हणजे नेमक्या ज्या वेळचे आकडे मला हवे त्या वेळी फोन घराबाहेर. पण त्या बाबतीत अडचण येत नाही कारण सेन्सर स्वतः आठ तासांचं साठवून ठेवतो, नंतर स्कॅन केलं तरी मागचा सगळा ग्राफ येतो. आठ तासांच्या वर गेलं की मात्र मागचं पुसलं जातं. हे एका लग्नाला धुळ्याला गेले, मुक्कामी राहिले, माझी एक अख्खी रात्र ग्राफमधून गायब. तेव्हा ज्याला शुगर आहे त्याच्याच फोनवर चालतंय का ते आधी बघा. नव्या प्रकारांमध्ये आकडा आपोआप फोनवर येतो म्हणे, आणि कमी-जास्त झालं की अलार्म पण वाजतो, माझ्यात तो नव्हता.

लावताना दुखत नाही. अगदी खरं सांगते, बोटाला सुई टोचते त्याच्यापेक्षा कमी. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिट लावून पुसायचं, वाळू द्यायचं, मग तो डबीसारखा प्रकार दाबायचा, टक् आवाज येतो आणि संपलं. आत सुई राहत नाही, केसासारखी बारीक मऊ तार राहते, पाचेक मिलिमीटर. तासभर काहीच दाखवत नाही आणि मग सुरू.

आणि सुरू झाल्यावर पहिला धक्का. सेन्सर म्हणतो ९२, बोटाला टोचलं तर १२१. मी म्हटलं गेले पाच हजार पाण्यात. मुलाला फोन केला तर तो म्हणाला पहिला दिवस धरू नको, तार आत रुळायला वेळ लागतो, आणि झालंही तसंच, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दोन्ही दहा-पंधराच्या फरकाने जुळायला लागले. दुसरं कारण डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं की हा सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली मोजतो, तिथे शुगर रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं उशिरा पोचते, म्हणून जेवण झाल्या झाल्या किंवा चालून आल्यावर दोन मशीनचं पटत नाही. शांत बसलेलं असताना पटतं. आणि बोटाच्या मशीनला तरी कुठे शंभर टक्के गुण आहेत, त्यालाही पंधरा टक्के इकडेतिकडे माफ असतात. म्हणजे १६५ च्या जागी कुणाचं १४० तर कुणाचं १९० येऊ शकतं. हे कळल्यापासून एका आकड्यावरून रडणं मी थोडं कमी केलंय. थोडंच.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, डबे भरून झाल्यावर, अहोंनी फोन लावला आणि रात्रीचा ग्राफ आला. साडेदहाला १३८. एकला १२७. तीनला १२१. सपाट रेघ, एखाद्या शहाण्या मुलीसारखी. कुठे डाऊन नाही, कुठे उसळी नाही. आणि मग पावणेचारपासून हळूहळू वर, पाचला १४३, मी गजर बंद करून उठले तिथून अजून तिरकी, सव्वासहाला १६८. तोपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. मी ओट्याशी उभी राहून तो फोन हातात घेऊन बघतच राहिले. अहोंना म्हटलं बघा, कधी खाल्लं मी? दाखवा बोट ठेवून. ते काही बोलले नाहीत, चहा त्यांनी टाकला त्या दिवशी. माझ्या मते पाच हजारातले दोन हजार तिथेच वसूल झाले.

चौदा दिवसांपैकी दहा-अकरा दिवस रेघ अशीच. याला डॉन फिनॉमिनन (डॉन म्हणजे पहाट) म्हणतात, मला माहीतच नव्हतं सात वर्षांत. पहाटे साधारण तीन-चारपासून शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात, ते लिव्हरला सांगतात बाई उठणारे, साखर सोड. लिव्हर सोडतं. हे सगळ्यांच्यात होतं, शुगर नसलेल्यांच्यातही, फक्त त्यांचं स्वादुपिंड लगेच तेवढं इन्सुलिन सोडून हिशोब मिटवतं आणि आपलं मिटवत नाही. वर या हार्मोन्समुळे त्या वेळी इन्सुलिनचं कुणी ऐकत पण नाही. म्हणजे मी रात्रभर उपाशी राहिले तरी लिव्हरचा डबा आतून उघडणारच होता. डॉक्टर म्हणाले उलट फार वेळ उपाशी राहिलात तर तो अजून उघडा राहतो.

यावरून मला गेल्या वर्षीचं एक कोडं पण सुटलं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचा मुलगा साडेसहाची वेळ देऊन पावणेनऊला आला होता, गाडी पंक्चर म्हणाला. मी तोपर्यंत उपाशी, डबे केले, कपडे वाळत घातले, दोनदा जिना उतरून गेटपाशी बघून आले आणि चिडचिड वेगळीच. रिपोर्ट आला २०१. मी त्या लॅबवर खापर फोडलं, मशीन खराब आहे म्हणून. मशीन नसेल हो खराब. सेन्सर असताना एका रविवारी मी मुद्दाम नऊपर्यंत काही खाल्लं नाही आणि कामं करत राहिले, रेघ वर वर, १९४. आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर अर्ध्या तासात सहा बदाम आणि एक उकडलेलं अंडं खाल्लं तर १६० ला जाऊन थांबली आणि खाली वळली. खाल्ल्यावर कमी! हे सासूबाईंना सांगायला गेले तर त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर जे होतं ते लिहिता येणार नाही. प्रत्येकाचं असं होईलच असं नाही, माझं झालं.

बरं आता सरांची थिअरी. त्यांचं अगदीच हवेतलं नव्हतं. मायकल सोमोगी नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९३० च्या दशकात मांडलं होतं की रात्री शुगर फार खाली गेली की शरीर उलट प्रतिक्रिया देऊन सकाळी वर नेतं. सोमोगी इफेक्ट. डॉक्टर म्हणाले रात्री इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे तपासून बघायलाच हवं कारण रात्रीची लो धोक्याची असते, पण आता सेन्सर लावून लावून बघितल्यावर सकाळच्या वाढीचं ते कारण क्वचितच निघतं. माझ्या एकाही रात्री शुगर ७० च्या खाली गेली नाही. म्हणजे महिनाभर मी मारी बिस्किटं फुकट खाल्ली. सरांना ग्राफ दाखवला तर म्हणाले तुमचा सेन्सर चुकीचा असेल. असू दे.

पण थांबा, सेन्सरवर एक रात्र दिसली ना खाली. ही गोष्ट सांगायलाच हवी कारण याच्यामुळे कुणाचा जीव घाबरा होऊ शकतो. नववी रात्र असेल, मी बाथरूमला उठले, दोन वाजलेले, अहो पण जागे झाले आणि उत्साहाने फोन लावला. ५८! लाल अक्षरात. मग काय विचारता, लाईट लागले, सासूबाई उठल्या, कुणी साखर, कुणी ग्लुकोज, मी आपली चार चमचे साखर पाण्यात ढवळून गटागटा प्यायले. मला घाम नाही, थरथर नाही, काही नाही, पण लाल ५८ समोर दिसत असताना कोण थांबणार. मग सासूबाईच म्हणाल्या, "बोटाचं बघितलंस का गं?" बघितलं. ११२. तेही साखर पोटात गेल्यावर लगेचच, म्हणजे आधी फार तर शंभर असेल. झालं असं होतं की मी डाव्या कुशीवर झोपले होते, सेन्सर डाव्या दंडावर, अंगाखाली दाबला गेला की तिथला द्रव बाजूला सरकतो आणि आकडा खोटाच खाली जातो. अर्ध्या तासाने सेन्सरचा आकडाही १२० वर आला. सकाळी अर्थातच १९६, चार चमचे साखरेचे. तेव्हा नियम, लो दाखवली तर आधी बोट टोचा, मात्र खरंच घाम फुटलाय, हातपाय थरथरतायत, डोकं सुन्न झालंय असं असेल तर मोजत बसू नका, आधी तीन चमचे साखर घ्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. आणि लावताना ज्या कुशीवर झोपता त्याच्या दुसऱ्या दंडावर लावा. बॉक्समधल्या कागदावर हे असेलही, अक्षरं इतकी बारीक की चष्म्यावर चष्मा घालायला लागेल.

सगळा दोष पहाटेच्या हार्मोन्सवर ढकलून मी सुटले असं मात्र झालं नाही. तीन रात्रींचा ग्राफ वेगळा होता. एक भाचीच्या साखरपुड्याची, साडेदहाला जेवण, पनीर, पुऱ्या, श्रीखंड. दुसरी पावभाजीची. तिसरी चक्क मसालेभाताची, त्यात काजू आणि तुपाची धार, अकराला आवरलं. या तिन्ही रात्री रेघ सपाट नव्हतीच, बारा वाजल्यापासून हळूहळू चढत तीनला १७५-१८० आणि सकाळपर्यंत तिथेच तळ ठोकून. तेलकट-तुपकट जेवण पोटात हळू उतरतं म्हणून झोपताना १४० बघून आपण खूश होतो आणि खरी चढण नंतर सुरू होते. सकाळचा आकडा दोन्ही प्रकारच्या दिवशी जवळपास सारखाच, १७०-१८०. बोटाच्या मशीनवर तुम्हाला हा फरक दिसूच शकत नाही जोपर्यंत रात्री तीनला उठत नाही. माझ्यासाठी या वस्तूची खरी किंमत ही आहे, एकाच आकड्याच्या दोन कहाण्या आणि दोन्हीचे उपाय वेगळे.

मिसळीचं पण सांगते, नाशिककर आहे, राहवणार नाही. रविवारी सेन्सर लावून मिसळ खाल्ली, दोन पाव, दही, पापड, जिलबी नाही घेतली (एक तुकडा घेतला). २३६. पुढच्या रविवारी तीच मिसळ, पाव शून्य, उसळ डबल, फरसाण थोडं, रस्सा हवा तेवढा, १६४. मटकी बिचारी निरपराध आहे, सगळं पावाचं. आणि द्राक्षं, दिंडोरीहून भाऊ पेटी पाठवतो, बारा मणी जेवल्यावर लगेच खाल्ले तर फार फरक नाही, दुपारी चारला रिकाम्या पोटी वाटीभर खाल्ली तर साठ-सत्तरने उडी. हे विषयांतर झालं, सकाळचं चालू होतं.

चौदा दिवसांनी ग्राफ घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच मिनिटं काही न बोलता फक्त रात्रींची पानं बघितली. मग दोन बदल. एक औषधाचं, माझी मेटफॉर्मिनची सावकाश विरघळणारी गोळी सकाळी जास्त आणि रात्री कमी अशी होती, ती रात्रीच्या जेवणासोबत जास्त केली कारण ही गोळी लिव्हर जी साखर सोडतं तीच कमी करते. एवढं वाचून आपापल्या गोळ्यांची वेळ बदलू नका प्लीज, कुणाची किडनी कशी, कुणाला दुसरी गोळी कुठली चालू, सगळं वेगळं असतं. दुसरा बदल रात्रीच्या जेवणाचा, उपाशी राहायचं बंद, साडेसातला जेवायचं, बाजरीची नाहीतर ज्वारीची एक भाकरी, उसळ किंवा डाळ वाटीभर, कोशिंबीर, आणि जेवल्यावर वीस मिनिटं चालायचं. चालायला मी आधी कुरकुर केली, दिवसभर वर्गात उभीच असते की. पण एका रात्री बिल्डिंगभोवती फेऱ्या मारून आले आणि झोपतानाचा आकडाच ११८, तिथून सुरुवात झाल्यामुळे पहाटेची चढण होऊनही सकाळी १४५. चढण थांबत नाही, जिना खालच्या पायरीपासून सुरू होतो एवढंच. मला ते परवडलं.

दुसरा सेन्सर मे महिन्यात लावला, सुट्टीत, बदलांचा काय फरक पडलाय ते बघायला. आणि हा अनुभव इतका धड नाही. नाशिकचा मे, पारा चाळीसच्या आसपास, घामाने चौथ्या दिवशी चिकटपट्टीची कड सुटली, सहाव्या दिवशी बाथरूमच्या दाराच्या चौकटीला दंड घासला आणि ते बटण फरशीवर. हातात घेऊन बघत बसले, पाच हजाराचा रुपया. त्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला, चाळीस मिनिटं धून ऐकली, मग एका मुलीने फोटो मागवला, सेन्सरच्या मागचा नंबर मागितला, पहिल्या दिवसाची तारीख मागितली, बदलून देऊ म्हणाली. दिला, पण अकरा दिवसांनी आणि मधे तीन वेळा तोच नंबर सांगून. पडलेला सेन्सर आणि बॉक्स टाकून देऊ नका, ते टाकलं असतं तर काहीच मिळालं नसतं. बदलून आलेला लावताना वरून औषधाच्या दुकानात मिळते ती पारदर्शक रुंद चिकटपट्टी लावली, मधलं छिद्र असतं ते उघडं ठेवून, टिकला चौदा दिवस. काढताना मात्र कातडीवर लाल गोल चकती, आठवडाभर खाज, खोबरेल तेल लावत होते. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी विचार करा.

आंघोळ चालते, फार वेळ पाण्यात बसू नका एवढंच. एमआरआय किंवा एक्स-रे करायचा असेल तर माझ्यासारखा सेन्सर आधी काढावा लागतो, सेन्सर लावायच्या आधीच तारखा बघा नाहीतर अर्ध्यात काढायची वेळ येते. व्हिटॅमिन सीच्या जोरदार गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर आकडा वाढवून दाखवतात, तेही विचारून घ्या. ब्लाऊजची बाही सेन्सरला लागते, मी चौदा दिवस ड्रेस आणि सैल बाह्यांवर काढले. ॲप सगळं इंग्रजीत, सासूबाईंसारख्यांना एकट्याने जमणार नाही.

तर मेच्या ग्राफमध्ये काय दिसलं. सुट्टी असल्यामुळे पाचचा गजर नाही, साडेसहाला उठायचे. पहाटेची चढण तरीही चारलाच सुरू, हिला शाळेची सुट्टी नसते. पण उठल्यावरची जी तिरकी रेघ होती, डबे-पाणी-रिक्षा-पहिला तास या धावपळीची, ती जवळजवळ गेली. सकाळी १२८, १३४, १३१. एक दिवस ११९ आला तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून मुलाला, भावाला आणि (हो) त्या सरांना पाठवला. तीन महिन्यांची ॲव्हरेज (एचबीए१सी) नोव्हेंबरात ८.१ होती, म्हणजे सरासरी शुगर साधारण १८५ च्या घरात, ती जूनमध्ये ७.२ आली, म्हणजे १६० च्या आसपास. यातलं गोळीमुळे किती, चालण्यामुळे किती, ते मला सांगता येणार नाही, सेन्सरने शुगर कमी होत नाही हे तर उघडच आहे. आमच्या शेजारच्या काकूंना मात्र कमी होते असंच वाटत होतं, "लावल्यावर किती उतरली गं?"

घ्यावा का? माझं मत, कायम लावून ठेवायला महिन्याला दहा हजार कुणाकडे आहेत, माझ्याकडे तरी नाहीत. गोळ्यांवर असाल, आकडे आटोक्यात असतील, तर घेऊच नका, उगाच दिवसातून चाळीस वेळा फोन लावून जीव टांगणीला. मी पहिल्या आठवड्यात एका फळासाठी तीन वेळा स्कॅन केलंय. पण सगळं करूनही सकाळची शुगर कळत नसेल, किंवा इन्सुलिन चालू असेल आणि रात्री लो होण्याची भीती असेल, तर एकदा डॉक्टरांना विचारून जरूर लावा आणि लावाल तेव्हा चौदा दिवस खोटेपणा करू नका. मी पहिले चार दिवस ग्राफ छान यावा म्हणून शहाण्यासारखी जेवत होते, जसं इन्स्पेक्शनच्या दिवशी वर्ग शांत असतो, डॉक्टर म्हणाले हे चार दिवस माझ्या काही कामाचे नाहीत. रोज काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता झोपले हे वहीत लिहा, ॲपमध्ये नंतर लिहू म्हटलं की राहतं. आणि पैसे घालायचे नसतील तर डॉक्टरांना विचारून तीन-चार रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर असे तीन आकडे बोटाच्या मशीनवर लिहून न्या. तीनचा आकडा झोपतानाच्या आसपास आणि सकाळचा जास्त म्हणजे पहाटेचा खेळ, तीनलाच चढलेला असेल तर रात्रीचं ताट, आणि तीनला फार कमी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर थंडी असूनही केलं असतं, असं आता म्हणते.

मार्क द्यायचे तर कामाला पाचपैकी साडेचार, चिकटपट्टीला दोन, कस्टमर केअरला दीड, किमतीला काय देऊ.

मुलगा आता अजून एक सेन्सर लाव म्हणतोय, पण मी तो फ्रीजमध्ये न ठेवता कपाटात थंड जागी ठेवून दिलाय, तारीख अजून लांबची आहे. पितृपक्ष झाला की लावणार. पितृपक्षात नको, रोज कुणाकडे तरी खीर असते.